पंखधारी पॅडराव यांस सविनय

राजमान्य राजश्री सॅनिटरी पॅडराव, मुक्काम पोस्ट काळी पिशवी, यांस शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

शाळेच्या शेवटच्या बाकापासून आपला-माझा इतका निकटचा संबंध, तरी चार माणसांत आपलं नाव घेण्याचं धाडस माझ्याच्यानं कधी झालं नाही. दप्तरात, उशाखाली, पर्सच्या चोरकप्प्यात आपण होतात. बोलण्यात तेवढे नव्हतात. ती उणीव आज भरून काढते. पत्र जाहीरच लिहिते, म्हणजे चार माणसांचाही प्रश्न सुटला.

आधी आभार. हे खरे आभार आहेत, यात खोच शोधत बसू नये. खोच पुढे भरपूर आहे. माझ्या आजीनं सगळं आयुष्य जुन्या लुगड्याच्या घड्यांवर काढलं. राजापूरकडचा पाऊस, जून लागला की घरात एक धागा वाळायचा नाही, आणि या घड्या तर उजेडात टाकायच्याच नाहीत. गोठ्यामागच्या दोरीवर, वर दुसरं लुगडं पांघरून त्या लपवायच्या आणि ओलसर त्या ओलसरच पुन्हा अंगाला लावायच्या. कापडात वाईट काही नव्हतं. ते उन्हात वाळवायची चोरी होती. त्या दोरीपासून आपण आम्हाला सोडवलंत. हे उपकार मी विसरणार नाही.

पण साहेब, चोरी तशीच राहिली. फक्त ती गोठ्यामागून औषधाच्या दुकानात आली.

तिथला आपला थाट काय वर्णावा! मूळव्याधीचं मलम उघड मिळतं, जुलाबाच्या गोळ्या उघड मिळतात, निरोधची पाकिटं तर गल्ल्याशेजारी काचेत ऐटीत उभी असतात. आपलं नाव निघालं मात्र, की दुकानदार काका आवाज खाली आणतात, हाताखालच्या पोऱ्याला डोळ्यांनी खुणावतात. तो आपल्याला आतून आणतो, कालच्या पेपरात गुंडाळतो, वर काळी पिशवी चढवतो. बाकी सगळं सामान पांढऱ्या पिशवीत आणि एकच पुडकं काळं. रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं आत कोण विराजमान आहे. लपवण्याची इतकी ठळक जाहिरात दुसऱ्या कुठल्या मालाच्या नशिबी आली असेल असं वाटत नाही. त्या पेपरांचा मला फायदा झाला, हे नमूद करते. कांद्याचे भाव, निधनवार्ता, वधू पाहिजेत, सगळं मी आपल्या अंगावरून वाचलं.

या सोहळ्यात एक गोष्ट लक्षात राहिली. आपल्याला हात कुणीच लावत नाही. दुकानदार कागदातून देतो, मी पिशवीतून घेते, काम झालं की पुन्हा कागदात घालून टाकून देते. कुणाच्या बोटाला काही लागत नाही. आपली सगळी कीर्ती या एका गुणावर उभी आहे आणि तिच्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

आपल्या जाहिरातींबद्दल तर किती धन्यवाद द्यावेत! आमच्या अंगातून मोरचुदाचं निळंशार द्रावण वाहतं, ही माहिती शाळेच्या पुस्तकात नव्हती. ती आपण दिलीत. काचेच्या नळीतून ते आपल्या अंगावर ओततात आणि आपण ते गटागटा पिता. मग पांढरी विजार घातलेली एक मुलगी उड्या मारते, डोंगर चढते, मुलाखतीत पहिली येते. मी त्याच दिवशी, त्याच वेळी, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. पॅड बदलल्यानं पोटातली कळ थांबते असा माझा समज आपणच करून दिला होतात. तेवढी विजार आपण पाकिटाबरोबर फुकट द्यायला हवी होती.

आपल्या पंखांचंही कौतुक करायचं राहिलं. त्या पंखांनी आपण उडावं ही अपेक्षा नव्हती, जागेवर बसावं एवढीच होती. पण आपला पिंड हिंडण्याचा. एसटीनं पुणे-कोल्हापूर प्रवास करावा, आणि कराड येईपर्यंत आपण मागे सरकून कंबरेशी गप्पा मारत असावं. पंखांचा चिकट भाग अंतर्वस्त्र सोडून मांडीला चिकटावा, आणि तो सुटताना जे होतं त्याला तर भाषाच नाही. एप्रिल-मे महिन्यात जांघेत आपण जे काढून ठेवत होतात, त्यावर त्याच काकांकडून पावडर घ्यावी लागे. पावडर मात्र ते उघडी देत.

रात्रींबद्दल बोलायलाच नको. आपण लांब झालात, जास्त लांब झालात, मग जास्त जास्त लांब झालात. पाकिटावर इंग्रजी एक्स वाढत गेले आणि मी तरीही चादरीवर जुना टॉवेल घालून, एका कुशीवर, श्वास मोजत झोपत राहिले. सकाळी उठून पहिलं काम म्हणजे मागे वळून गादी पाहणं. देवाचं दर्शन त्यानंतर, आणि त्या दिवसांत तर तेही नाही.

मैत्री कशी करावी हे मात्र आपणच शिकवलंत. "ए, मागे बघ गं जरा." ऑफिसात, लग्नात, लोकल स्टेशनच्या जिन्यावर, कुणीही कुणालाही हे वाक्य म्हणावं आणि तिनं न विचारता दोन पावलं मागे राहून खालून वर नजर टाकावी, मान हलवावी. नाव माहीत नसलेल्या बाईनं माझ्या कुर्त्यावरचा डाग झाकायला स्वतःची ओढणी काढून दिली आहे. आपण गळला नसतात तर ही माणुसकी कुठून दिसली असती?

असा आपला सुखाचा संसार चालू असताना, मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी एक कप घेतला. मऊ सिलिकोनचा, घंटेच्या आकाराचा, खाली छोटा देठ. काही शे रुपयांचा आणि नीट ठेवला तर कित्येक वर्षं टिकणारा. आपल्या समोर ठेवला तर आपल्याला हसूच येईल इतका किरकोळ.

आणि त्यानं पहिल्या दिवशी माझे जे हाल केले, तसे आपण कधी केले नाहीत, हे मी शपथेवर सांगते. माहितीपत्रकात घड्यांची चित्रं होती. एक इंग्रजी सी अक्षरासारखी, एक सात आकड्यासारखी, एकात कपाची कड आत दाबून कळीसारखी करायची. घडी घालावी, उकिडवं बसावं, श्वास सोडावा, आणि नेमक्या क्षणी ती बोटांतून फट्‌दिशी उघडून कप न्हाणीघराच्या कोपऱ्यात जाऊन पडावा. पुन्हा धुवा, पुन्हा घडी घाला. बाहेरून आईचा आवाज, "बरी आहेस ना गं? किती वेळ?" आत गेला तर उघडला की नाही कळेना. आणि उघडलाय असं वाटल्यावर दुसरीच भीती: आता हा वर गेला तर?

साहेब, इथे आपली थोरवी कळते. इतकी वर्षं मी आपल्याबरोबर काढली; बारावीला जीवशास्त्र होतं, आकृती काढून बाणांनी नावं दिली होती; तरी योनीमार्ग वर गर्भाशयाच्या मुखाशी संपतो आणि कपाला तिथून पुढे जायला वाटच नाही, हे मला स्वतःच्या बोटानं तपासेपर्यंत पटलं नव्हतं. आपण मला तसं काही तपासायची वेळच येऊ दिली नाहीत. केवढा हा संकोच जपलात माझा! माझ्याच शरीराशी माझी ओळख होऊ नये, म्हणून आपण मध्ये आडवे पडून राहिलात.

काढताना देठाला धरून ओढायचं नसतं, हेही कळलं. आत हवेची पकड बसलेली असते. बूड चिमटीत दाबून ती आधी सोडवायची, मग हळूच बाहेर. ज्यांना तांबी बसवली आहे त्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारायचं, कारण कपाच्या ओढीनं तिचा दोरा ओढला जाऊ शकतो. आपल्या बाबतीत असला काही अभ्यास नव्हता. चिकटवा आणि विसरा. विसरणं जमत नव्हतं ही गोष्ट निराळी.

मग काही पाळ्या गेल्या, हात बसला, आणि एके दिवशी दुपारी मला आठवेना की आज पाळीचा दुसरा दिवस आहे. ओलसर नाही, बोचत नाही, वास नाही. हो, वास. तो माझाच असतो असं मी धरून चालले होते, म्हणून आपण सुगंधी झालात तेव्हा मी आपले आभारही मानले होते. पण रक्त आत कपात असताना तसा वास येत नाही. तो हवा लागलेल्या, तासन्‌तास दमट राहिलेल्या आपल्या अंगाचा होता. एवढ्या जुन्या संबंधात आपण हे सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.

कपावर मिलिलीटरच्या रेघा असतात. त्या पाहून मी बराच वेळ न्हाणीघरात बसून राहिले. संपूर्ण पाळीत मिळून बहुतेक बायकांचं ८० मिलिलीटरच्या आतच रक्त जातं; टपरीवरच्या कटिंग चहाएवढं, कधी त्याहूनही कमी. ८० च्या वर गेलं तर डॉक्टर त्याला अतिस्राव म्हणतात. आपल्या अंगावर पसरलेलं पाहून मला दर महिन्याला पानशेत धरण फुटल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांनी "किती जातं?" विचारलं की आम्ही "चार पॅड, पाच पॅड" असं आपल्याच मापात सांगत राहिलो, जसं काही आपण शेर-पायलीसारखे प्रमाणित आहात. ज्या बाईचं खरंच जास्त जातं आणि जिचं रक्त त्यापायी कमी होतंय, तिला हे कळायला काय हवं होतं? एक रेघ. बाकी काही नाही.

आता घरची हकीकत. कप पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा असतो. माझ्या आईनं तिच्या तरुणपणी महिन्याचे ते दिवस कोपऱ्यात, वेगळ्या ताटात जेवून काढलेत. तिच्या गॅसवर हा कार्यक्रम! ती भांडली नाही. मागच्या फळीवरून बूड काळं झालेलं एक पातेलं काढून दिलं, त्यावर तेलरंगानं फुली मारली, आणि म्हणाली, "हे तुझं. चहाच्या भांड्याजवळ दिसलं तर बघ." मग जरा वेळानं, पाण्याला आधण येताना बघत, "दुखत नाही ना गं?" नाही म्हटलं. "आमच्या वेळेला असतं तर," असं म्हणून ती कोथिंबीर निवडायला बसली.

मावशीचा प्रश्न वेगळा होता. लग्न न झालेल्या मुलींनी हे आत घालायचं म्हणजे... पुढचं वाक्य तिनं भुवयांनी पूर्ण केलं. योनीपटल सायकल चालवतानाही ताणलं जाऊ शकतं आणि त्यावरून कुणाचं काही सिद्ध होत नाही, हे तिला समजावताना माझा घसा सुकला. या प्रश्नाचा आपल्याला किती फायदा झाला असेल! मुलींचं चारित्र्य सांभाळणारे काका-मामा आपण एकही पैसा न देता आपले विक्रेते झाले.

मावशीला वाटतं हे कालचं फॅड आहे. आपणही तसंच भासवता. वास्तविक आपली आणि कपाची भाऊबंदकी जुनी. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला लाकडाच्या लगद्यापासून केलेला शोषक कापूस अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर तयार झाला. आघाडीवरच्या परिचारिकांनी तो पाळीसाठी वापरून पाहिला, युद्ध संपल्यावर माल पडून राहिला, आणि १९२० च्या सुमारास कोटेक्स नावानं तो बायकांना विकायला निघाला. असे आपण वाढलात. कपाचं पेटंट लिओना चाल्मर्स या अमेरिकन अभिनेत्रीनं १९३७ मध्ये मिळवलं. तो रबराचा होता. दुसरं महायुद्ध आलं, रबराची टंचाई झाली, आणि त्याचं उत्पादन थांबलं. एका युद्धानं आपल्याला बळ दिलं, दुसऱ्यानं कपाचा गळा दाबला. आपली पत्रिका पहिल्यापासून जोरात.

पुढेही कप वर का आला नाही, याला आपल्यासारख्या व्यवहारी गृहस्थानं माझ्याकडून उत्तर घ्यावं असं नाही. महिन्याला दहा-बारा पॅड धरले तरी वर्षाला सव्वाशेच्या घरात जातात. कप घेतलेली बाई दुकानात परत कशाला येईल? असल्या गिऱ्हाइकासाठी डोंगरावर उड्या मारणारी मुलगी कोण भाड्यानं घेणार?

सरकारदरबारीही आपलं वजन पहिल्यापासून आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कुंकू आणि बांगड्या करमुक्त होत्या, आपल्यावर १२ टक्के होते. देशभर बायका ओरडल्या आणि जुलै २०१८ मध्ये आपण शून्यावर आलात. त्यात मीही ओरडणारी होते, त्याचं मला दुःख नाही. त्याच वर्षी महाराष्ट्रात अस्मिता योजना निघाली, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. पुढच्या वर्षी जनऔषधी केंद्रांत एक रुपयाला एक. कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांना स्वस्त पॅडचं यंत्र केल्याबद्दल पद्मश्री मिळाली, त्यांच्यावर अक्षय कुमारचा सिनेमाही आला. हे सगळं चांगलंच झालं. शाळा सोडून घरी बसणाऱ्या मुलीला आपण हवेच होतात. पण पाळीचं काही करायचं म्हटलं की सरकारचा, दानशूरांचा आणि वाढदिवस साजरा करणाऱ्या नगरसेवकांचा हात थेट आपल्याच गठ्ठ्यावर पडतो, ही आपली पुण्याई.

पुण्याईवरून पुणं आठवलं. आता त्या हाताच्या गोष्टीकडे येते, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

आपल्याला कुणी हात लावत नाही असं मी म्हटलं ना? तसं नाही. माझ्या पुण्यात 'स्वच्छ' नावाची कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या तिच्या सभासद बहुतेक बायकाच आहेत. ओला कुठला, सुका कुठला, हे त्या हातानं वेगळं करतात. माझ्या कागदाच्या पुडीतलं, शेजारणीनं बिनकागदाचं टाकलेलं, वरच्या मजल्यावरच्यांनी लाजेपोटी भाजीच्या देठांत खोल दडवलेलं, सगळं त्यांच्या बोटांत येतं. जे रक्त मला माझ्या हाताला नको होतं, ते मी दुसऱ्या बाईच्या हाताला लावत होते, आणि याला आपण सोय म्हणत होतात.

त्या बायकांनी २०१३ मध्ये एक अतिशय सभ्य गोष्ट केली. वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरल्या आणि आपल्या बड्याबड्या उत्पादक कंपन्यांना पाठवून दिल्या. आपला माल, आपल्या घरी. माझ्या पत्रापेक्षा ते पत्र कितीतरी सरस होतं. याच बायकांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून विकल्या, पुडीवर लाल ठिपका काढा म्हणून शहराला विनवलं, म्हणजे निदान उघडण्याआधी कळेल. काकांचा तो पेपर अखेर कुणाच्या तरी उपयोगी पडला.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी आपल्या मालकांना सांगितलं होतं की सगळं साहित्य पुनर्वापर होण्याजोगं करता येतं का त्याच्या शक्यता तपासा, नाहीतर प्रत्येक पॅडसाठी पाकिटाबरोबर वेष्टन द्या. तपासणी चालू असेलच. घाई नको. आपल्या अंगात वर प्लॅस्टिकची जाळी, मध्ये लगदा आणि ओल पिऊन जेली होणारे कण, खाली प्लॅस्टिकचा पडदा. आपण कुठे जाताय? माझ्या नातवंडांपर्यंत आपण आहातच.

आमच्या सोसायटीत ड्रेनेज तुंबलं तेव्हा प्लंबरनं गजाला अडकवून आपल्यालाच बाहेर काढलं होतं. फुगून तट्ट झालेले, ओळखू न येण्यासारखे. चेअरमननी फळ्यावर सूचना लावली: "महिला सभासदांनी योग्य ती नोंद घ्यावी." कसली नोंद, ते लिहिलं नाही. महिला सभासदांनी नोंद घेतली. पुरुष सभासद जिना चढताना सूचना वाचायचे आणि पायऱ्यांकडे बघत निघून जायचे.

असो. आपल्याला आता काळजी वाटू लागली असेल. केरळात एर्नाकुलमजवळचं कुंबलंगी गाव जानेवारी २०२२ मध्ये पॅडमुक्त पंचायत म्हणून जाहीर झालं, तिथे बायकांना प्रशिक्षण देऊन कप वाटले गेले. त्याआधी अलप्पुळा नगरपालिकेनंही कप वाटले होते. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०१९ साली ४३ अभ्यासांचा, सुमारे ३३०० बायका-मुलींच्या अनुभवांचा आढावा आला. गळतीच्या बाबतीत कप आपल्या बरोबरीचा किंवा सरस निघाला, आणि सवय झाल्यावर साधारण ७० टक्के जणींना तो पुढेही वापरायचा होता.

पण घाबरू नये. उरलेल्या ३० टक्के आहेतच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी ६४ टक्के आपल्याला वापरत होत्या, ५० टक्के कापडही वापरत होत्या, आणि कपवाल्या एका टक्क्यालाही पोचत नव्हत्या. शिवाय आपल्या बाजूनं खुद्द आमची शौचालयं उभी आहेत. कपाला लागतं काय? स्वच्छ पाणी, साबण, पाच मिनिटं आणि आतून लागणारी कडी. एसटी स्टँडवर यातलं एक मिळालं तर नशीब. ऑफिसात नळ बाहेर आणि संडास आत, कप हातात घेऊन सहकाऱ्यांसमोरून बेसिनपर्यंत जायचं नाही म्हणून मी पाण्याची बाटली आत नेते, तर शिपाई विचारतात, "मॅडम, आत पाणी येत नाही का?"

म्हणूनच कपाचा झेंडा घेऊन निघालेल्या माझ्या काही भगिनींशीही माझं पटत नाही. दोन न्हाणीघरांच्या फ्लॅटमध्ये राहून त्या धुणीभांडी करणाऱ्या मावशींना पर्यावरणाचे धडे देतात. ज्यांच्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी येतं, त्यांनी आधी काय उकळायचं? कुणाला दुखतं, कुणाला काही आत घालायचंच नसतं, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. उन्हात वाळवलेला कापडी पॅडही कुणाला पुरतो.

आणि बीडच्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांपाशी तर आपण आणि कप, दोघंही पोचला नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, एका दिवसाचा खाडा पडला की दंड, फडात ना पाणी ना आडोसा. २०१९ मध्ये तिथल्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळी सांभाळण्यापेक्षा पाळीच काढून टाकणं ज्या कामात परवडतं, तिथे आपल्या जाहिरातीतल्या मुलीला एकदा पाठवावं. पांढरी विजार घालूनच पाठवावं.

मागण्या फार नाहीत. प्रत्येक पॅडबरोबर टाकायची पिशवी द्यावी, आणि तिच्यावर लाल ठिपका आपणच छापावा. लाज वाटत असेल तर निळा चालेल, पुण्यातल्या बायका समजून घेतील. पोटात काय काय आहे ते पाकिटावर मराठीत छापावं. अत्तर लावणं सोडावं. आणि शाळाशाळांतून आपले प्रतिनिधी मुलींना माहिती द्यायला येतात, फुकट पाकीट वाटतात, तेव्हा त्या अर्ध्या तासात कप आणि कापड यांचंही नाव एकदा घ्यावं. मुलगेही त्या वेळी वर्गातच असू द्यावेत. त्यांना दर वेळी खेळायला मैदानावर कशाला पाठवता? मैदान आधी मुलींना द्या. जाहिरातीत त्या उड्या मारतातच.

माझ्या कपाटात आपलं एक अर्धं पाकीट अजून आहे. ते मी फेकलेलं नाही. भाची सुट्टीला येते, कधी एखादी पाहुणी अडते. अडीअडचणीला आपण येताच, तेवढा मोठेपणा आपल्यात आहे.

कळावे. लोभ होता, तो आता वाढू नये ही विनंती.

आपली एकेकाळची एकनिष्ठ ग्राहक

ता. क. साहित्याची तपासणी अजून काही वर्षं चालणार असेल तर तसं कळवावं. आमच्या सोसायटीचा महिन्याभराचा माल मी गोळा करून ठेवीन. आपल्या मुख्य कचेरीचा पत्ता पाकिटाच्या मागेच छापलेला असतो.